पास, नापास आणि पासिंग

सेकंडहँड गाडी बघायला गेलं की पहिल्या दोन-तीन प्रश्नांत एक प्रश्न हमखास असतो, "पासिंग कुठलं?" उत्तर येतं, "एमएच बारा" किंवा "एमएच दहा". गाडीची नोंदणी पुण्याची की सांगलीची, एवढंच त्यात विचारलेलं असतं. पण टेम्पो, ट्रक, रिक्षा, स्कूलव्हॅन चालवणाऱ्यांसाठी पासिंग म्हणजे आणखी एक गोष्ट असते. ठरावीक मुदतीने गाडी आरटीओच्या साहेबांपुढे उभी करायची आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतलं 'फिटनेस', नव्याने करून घ्यायचं. पहिल्या अर्थाच्या पासिंगमध्ये कुणी नापास होत नाही. दुसऱ्यात नापास होता येतं, निदान कायद्याने तरी. या दोन अर्थांमधला फरक पुसट कसा होत गेला, हे शोधताना मला जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे कुठलाही प्रोग्रॅम ग्राहकापर्यंत जाण्याआधी शेकडो स्वयंचलित चाचण्यांमधून जातो. त्यातल्या दोन प्रकारच्या चाचण्यांचा आम्हाला वैताग असतो. एक, जी त्याच प्रोग्रॅमवर सकाळी पास होते आणि दुपारी नापास. तिला आम्ही 'फ्लेकी' म्हणतो. दुसरी, जी काहीही झालं तरी पासच होते. पहिली डोकं उठवते. पण दुसरी जास्त घातक, कारण तिच्याबद्दल कुणाची तक्रारच नसते. आपल्याकडच्या वाहन तपासणीत हे दोन्ही आजार वर्षानुवर्षं एकत्र नांदत आले आहेत. त्यांचं कारण फक्त 'भ्रष्टाचार' या एका शब्दात सांगून मोकळं होता येत नाही. ते थोडं मागे जाऊन बघावं लागतं.

बॉयलर आणि व्हिक्टोरिया

सरकारी माणसाने येऊन यंत्र धड आहे की नाही ते बघावं, ही कल्पना मोटारीच्या आधीची. ती वाफेबरोबर आली. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा भीषण स्फोट होऊन माणसं मेली आणि १८६४ साली बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पाठोपाठ मुंबईसह इतर प्रांतांनी आपापले कायदे केले, आणि १९२३ साली सगळ्या देशासाठी एकच बॉयलर कायदा आला. जर्मनीत साधारण याच काळात वेगळा रस्ता धरला गेला. मॅनहाइम शहरात एका ब्रुअरीचा बॉयलर फुटल्यावर १८६६ साली तिथल्या बॉयलरमालकांनीच एकत्र येऊन तपासणीसाठी संस्था काढली. आज जर्मनीत मोटारी तपासणाऱ्या 'ट्यूव्ह' या संस्था त्याच परंपरेतल्या.

बॉयलरच्या तपासणीत निरीक्षक आतून-बाहेरून नजर टाकतोच, पण निर्णायक असते ती पाण्याच्या दाबाची चाचणी. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, पंपाने दाब वाढवत न्यायचा आणि ठरलेल्या आकड्यापाशी तो टिकतो का, कुठे पाझरतो का, ते बघायचं. निरीक्षक त्या दिवशी रागात असो वा खुशीत, दाबमापकाच्या काट्याला त्याचं काही नसतं.

दुसरी परंपरा रस्त्यावरची. मुंबईत भाड्याने चालणाऱ्या व्हिक्टोरियांना पोलीस आयुक्तांकडून परवाना घ्यावा लागे. १९२०चा पब्लिक कन्व्हेयन्सेस कायदा त्याचसाठी होता. जवळपास एका शतकानंतर मुंबईतल्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा याच कायद्याची पानं पुन्हा उघडली गेली. घोडागाडी तपासायची म्हणजे घोडा, गाडी आणि हाकणारा असं तिन्ही बघायचं. घोड्याच्या पाठीला जखम आहे का, तो लंगडतो का, चाकाची धाव सैल आहे का. ही सगळी जाणत्या डोळ्याची कामं. घोड्याच्या तब्येतीला दाबमापक लावता येत नाही.

मोटार आली तेव्हा ती नात्याने बॉयलरच्या जवळची होती. लोखंडाचं यंत्र, पोटात स्फोट घडवणारं, अंगात भरपूर ऊर्जा असलेलं. पण ती रस्त्यावर धावत होती, भाडं घेत होती, म्हणून तिची तपासणी घोडागाडीच्या वळणावर गेली. साहेबाने गाडीभोवती एक फेरी मारायची, समोरून, मागून बघायचं, आणि समाधान झालं की सही करायची. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मोजता येण्याजोगं यंत्र आपण नजरेच्या हवाली केलं.

रेल्वेच्या काळजीतून आलेला कायदा

१९१४ सालच्या मोटार वाहन कायद्याचा जीव लहान होता. गाडीची नोंदणी, चालकाचा परवाना, वेग आणि अपघाताबद्दलच्या काही तरतुदी, एवढाच त्याचा पसारा. पण विशी-तिशीच्या दशकांत बस आणि लॉऱ्या वाढल्या आणि रेल्वेला समांतर रस्त्यांवरून तिचेच प्रवासी पळवू लागल्या. सरकारचा रेल्वेत प्रचंड पैसा गुंतला होता. १९३३ साली मिचेल आणि कर्कनेस या अधिकाऱ्यांनी रस्ते विरुद्ध रेल्वे या स्पर्धेवर अहवाल दिला. काही वर्षांनी वेजवुड समितीनेही तोच प्रश्न हाताळला. या सगळ्या पार्श्वभूमीवर १९३९चा मोटार वाहन कायदा आला. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणं आणि परमिट हे शब्द तेव्हापासून आपल्या रक्तात भिनले.

योग्यता प्रमाणपत्रही याच कायद्याच्या कलम ३८मध्ये आलं. त्याचा नमुना इंग्लंडचा. तिथल्या १९३०च्या रोड ट्रॅफिक कायद्याने प्रवासी बसना असं प्रमाणपत्र सक्तीचं केलं होतं. आपल्याकडे ते परिवहन वाहनांना, म्हणजे भाड्याने माणसं किंवा माल नेणाऱ्या गाड्यांना लागू झालं. खाजगी मोटार त्यातून बाहेर राहिली. ती तेव्हा मूठभर लोकांकडे होती, त्यामुळे यात कुणाला काही खटकलं नसावं.

या कलमात एक छोटा शब्दप्रयोग होता आणि १९८८च्या कायद्याच्या कलम ५६मध्येही तो तसाच आहे. त्याचा मतितार्थ असा की गाडी 'त्या वेळेपुरती' नियमांची पूर्तता करते आहे, एवढंच प्रमाणपत्र सांगतं. कायदा लिहिणाऱ्याने इथे प्रामाणिकपणा दाखवला आहे. आज तपासलेला ब्रेक सहा महिन्यांनी कसा असेल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्याच प्रमाणपत्रावर वैधतेची तारीख असते, आणि माणसं वाचतात ती तारीख. पोलीस तारीख बघतात, विमा कंपनी तारीख बघते, मालकही तारखेवरच डोळा ठेवून असतो. एका क्षणाबद्दलचं विधान हळूहळू वर्षभराचं अभयपत्र बनलं.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली. एसटीच्या गाड्यांनाही पासिंग लागतं, पण त्यांचं आरोग्य काही त्या एका दिवसावर अवलंबून नव्हतं. डेपोतली रोजची देखभाल, विभागीय कार्यशाळा आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा अशी तीन पातळ्यांची व्यवस्था तिच्यामागे उभी राहिली. आज एसटीच्या अनेक गाड्यांची काय कळा आहे ते प्रवाशांना मी सांगायला नको. पण त्या रचनेमागचा विचार बरोबर होता. तपासणी म्हणजे वर्षाची परीक्षा नसते. रोजच्या अभ्यासावर टाकलेली ती एक नजर असते. एकट्या टेम्पोवाल्यामागे मात्र ना डेपो, ना दापोडी. त्याच्यासाठी परीक्षा हाच अभ्यास.

पंधरा गोष्टींची यादी

१९८८ साली नवा कायदा आला आणि १९८९ साली त्याखालचे केंद्रीय नियम. त्यातल्या नियम ६२मध्ये तपासणीत काय बघायचं याचा तक्ता होता. स्पार्क प्लग, हेडलाइटचा झोत, इतर दिवे, रिफ्लेक्टर, बल्ब, आरसे, सुरक्षा काच, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्डवरची उपकरणं, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर आणि स्टिअरिंग. एकूण पंधरा बाबी.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा तिच्याकडे प्रोग्रॅमर म्हणून बघितलं. पंधरापैकी बहुतेक बाबी 'आहे' किंवा 'नाही' या प्रकारच्या आहेत. आरसा आहे? आहे. वायपर आहे? आहे. त्या जागेवरून न हलता तपासता येतात. ज्या दोन गोष्टींवर खरोखर जीव टांगलेला असतो, ब्रेक आणि स्टिअरिंग, त्या उभ्या गाडीत कळत नाहीत. त्यासाठी गाडी पळवावी लागते, थांबवावी लागते, मोजावी लागते. साहेबाकडे दिवसाला डझनावारी गाड्या, मैदान खड्ड्यांचं, आणि मोजायला साधन नाही. मग तपासणी सहज दिसणाऱ्या गोष्टींवर येऊन थांबते. यात माणूस वाईट असण्याची गरज नाही. आपल्या कुणालाही त्या जागी उभं केलं तर आपण आधी रंग आणि रिफ्लेक्टरच बघू.

आमच्या घरी हे मी जवळून बघितलं आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी पप्पांचा छोटा टेम्पो आहे. सीझनमध्ये द्राक्षाचे क्रेट, एरवी जे भाडं मिळेल ते. मी कॉलेजात असताना एका वर्षी पासिंगला त्यांच्याबरोबर गेलो होतो. एजंटाने गाडीखाली शिरून चासी नंबरचा पेन्सिलने कागदावर छाप घेतला, साहेबांनी तो छाप बघितला, गाडीकडे लांबून पाहिलं आणि पाच मिनिटांत काम झालं. ब्रेकला कुणी पाय लावला नाही. पुढच्या वेळी तीच गाडी. पप्पांनी त्याच महिन्यात पदरचे पैसे घालून मागचे ब्रेक लायनर बदलले होते, पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते. गाडी नापास झाली. कारण मागच्या फाळक्यावरची रिफ्लेक्टर टेप मान्यताप्राप्त नव्हती आणि नंबरप्लेटच्या वरचा दिवा लागत नव्हता.

एजंट म्हणाला, "मालक, कशाला मनावर घेताय? टेप मारा, बल्ब टाका, परवा या."

पप्पा त्याला म्हणाले, "अरे पण दादा, लायनर बदललेत ते कुणी बघितलं का?"

"ते बघायला इथं कुणाला वेळ आहे?"

टेप आणि दिव्याबद्दल साहेबांचं चुकलं नव्हतं. रात्री ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यात दिसली नाही म्हणून गेलेली माणसं आमच्या भागात घराघरात माहीत आहेत. मला सलत राहिलं ते वेगळंच. गाडी ज्या वर्षी जास्त धोकादायक होती त्या वर्षी पास झाली आणि जास्त सुरक्षित होती त्या वर्षी नापास. तपासणीचा निकाल आणि गाडीची अवस्था यांचा एकमेकांशी संबंधच उरला नव्हता. आणि यातून माणूस काय शिकतो? पुढच्या वर्षी पप्पांच्या ओळखीतल्या एकाने पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर लावून आणले आणि संध्याकाळी परत केले. त्याला बेइमान म्हणणं सोपं आहे. पण परीक्षा जे विचारते तेवढाच अभ्यास होतो, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मीही बघितलं आहे.

नापास करणारी परीक्षा

ज्या इंग्लंडकडून आपण प्रमाणपत्राची कल्पना घेतली, तिथे खाजगी मोटारींची सक्तीची तपासणी बरीच उशिरा आली. १९५६च्या कायद्याने तिची तरतूद केली आणि १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स वाहतूक मंत्री असताना ती सुरू झाली. तिला 'एमओटी' म्हणतात. सुरुवातीला फक्त दहा वर्षांवरच्या गाड्या, आणि तपासायचे ते ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ सालीच मर्यादा दहावरून सात वर्षांवर आणली गेली, आणि १९६७ साली तीन वर्षांवर.

या इतिहासातला महत्त्वाचा भाग मला 'इतक्या गाड्या नापास झाल्या' हा वाटतो. नापास होणं ही तिथे माहिती होती. त्या माहितीवरून धोरण बदललं. आजही तिथे मोटारींपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश पहिल्या फेरीत नापास होतात. नापास का झाली, किती किलोमीटर चालली होती, हे गाडीच्या नंबरवरून इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. सेकंडहँड गाडी घेणारा माणूस आधी तो इतिहास उघडतो. आपण तिथे "पासिंग कुठलं?" एवढंच विचारतो.

एमओटी निर्दोष नाही. ती करतात खाजगी गॅरेजं, आणि तपासणारा गॅरेजवालाच पुढे दुरुस्तीही करतो. त्यामुळे नसलेला दोष काढण्याचा मोह असतो, किंवा ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे काणाडोळा करण्याचा. त्यावर तिथल्या सरकारी यंत्रणेचा एक उपाय मला फार आवडला. मुद्दाम दोष असलेली गाडी साधं गिऱ्हाईक बनून गॅरेजात पाठवायची आणि तो दोष पकडला जातो का ते बघायचं. आम्हीही हेच करतो. प्रोग्रॅममध्ये जाणूनबुजून चूक पेरायची आणि चाचणी ओरडते का ते ऐकायचं. ओरडली नाही तर प्रोग्रॅम बाजूला ठेवून आधी चाचणी दुरुस्त करायची.

अडीचशे मीटर

आपल्याकडे ही घडी मोडायचा प्रयत्न एका पुणेकराने केला. श्रीकांत कर्वे यांनी २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. आरटीओत नियमाप्रमाणे चाचणी न घेताच योग्यता प्रमाणपत्रं दिली जातात, हा तिचा गाभा. न्यायालयाने अनेक आदेश दिले. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे आरटीओ कार्यालयांसाठी २५० मीटर लांबीचे ब्रेक चाचणीचे ट्रॅक बांधण्याचा.

अडीचशे मीटरच का, हा प्रश्न मला पडला होता. साधा हिशेब करून बघा. भरलेला ट्रक ताशी ४० किलोमीटर वेगाला न्यायचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. तो सेकंदाला अर्धा-पाऊण मीटरने वेग वाढवत गेला तर तिथे पोचायलाच ८० ते १२० मीटर लागतात. चांगला ब्रेक त्याला पुढच्या १५-२० मीटरांत थांबवेल. मग उरलेले शंभरेक मीटर कशाला? ब्रेक लागलाच नाही तर, त्यासाठी. गाडी नापास होऊ शकते, हे त्या शंभर मीटरांनी गृहीत धरलं आहे. कार्यालयाच्या आवारात गाडी उभी करून घेतलेल्या चाचणीत या शक्यतेला जागाच नसते.

ट्रॅक लगेच झाले नाहीत. जागा नाही, निधी नाही, अशी कारणं येत राहिली, मुदती वाढत राहिल्या. मधल्या काळात चाचणी न घेता प्रमाणपत्र दिल्याबद्दल निरीक्षकांवर निलंबनाची कारवाईही झाली. शेवटी १ नोव्हेंबर २०१८पासून, जिथे ट्रॅक नाही त्या कार्यालयाने प्रमाणपत्र देऊ नये, असा बडगा न्यायालयाने उगारला. पुण्यात गाड्या दिवे घाटाकडच्या ट्रॅकवर जाऊ लागल्या. शहरातल्या रिक्षावाल्याला तिथवर जायचं म्हणजे दिवसाचा धंदा बुडणार, अशी तक्रार झाली आणि ती खरीच होती. गाडी चालवायला चांगली जागा मिळाली, पण तिचा भुर्दंड पुन्हा ज्याच्यामागे डेपो नाही त्याच्यावरच पडला.

तारखेचं माहात्म्य मात्र कमी झालं नाही. २०१६च्या डिसेंबरात केंद्राने शुल्क वाढवलं आणि प्रमाणपत्राची मुदत उलटल्यावर दर दिवसाला ५० रुपये जादा लावायची तरतूद केली. २०२४ साली त्यावरून राज्यात रिक्षाचालक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वसुली थांबवावी लागली. हा दंड आहे तो कागद उशिरा केल्याचा. ब्रेक कमकुवत असण्याबद्दल असा दिवसागणिक हिशेब कुणी मांडत नाही.

यंत्राकडे परत

२०२१ साली केंद्रीय नियमांत स्वयंचलित तपासणी केंद्रांचं नवं प्रकरण आलं. व्यावसायिक गाड्यांची तपासणी टप्प्याटप्प्याने अशा केंद्रांतच सक्तीची करायचं ठरलं. जड वाहनांसाठी आधी १ एप्रिल २०२३ ही तारीख होती, मग नेहमीप्रमाणे ती पुढे गेली. नियम लिहिताना विचार केलेला दिसतो. केंद्र चालवणाऱ्याने दुरुस्तीचा किंवा गाड्या, सुटे भाग विकण्याचा धंदा तिथे करायचा नाही, म्हणजे इंग्लंडातला मोह मुळातच टाळलेला. मोजमाप थेट सरकारी सर्व्हरवर जायचं.

ब्रेक तपासणारं यंत्र बघण्यासारखं असतं. एका आसाची दोन्ही चाकं जमिनीतल्या रोलरांवर चढतात. रोलर चाकांना फिरवतात, चालक ब्रेक दाबतो आणि प्रत्येक चाक किती जोराने अडतं ते यंत्र लिहून घेतं. सगळ्या चाकांचा जोर गाडीच्या वजनाशी ताडून टक्केवारी निघते. डाव्या आणि उजव्या चाकातला फरकही दिसतो. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला का ओढते, त्याचं उत्तर त्या फरकात असतं. दीडशे वर्षांनी आपण दाबमापकाच्या काट्याकडे परत आलो, असं म्हणायला हरकत नाही.

पण यंत्र आलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. पीयूसी आठवा. तिथे यंत्र आहे, आकडा आहे, छापील कागद आहे. तरीही धूरनळीत नळी न घालता पीयूसी मिळाल्याचा अनुभव वाचकांपैकी कितीतरी जणांना असेल. स्वयंचलित केंद्रांबद्दलही, गाडी तिथे आलेलीच नसताना प्रमाणपत्र निघाल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून आल्या आहेत. यंत्र खोटं बोलत नाही, पण यंत्रापुढे काय उभं करायचं ते माणूसच ठरवतो.

आणखी एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. तपासणीने अपघात कमी होतात, हे आपण गृहीत धरतो. नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन लाखांहून जास्त मोटारींवर याचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गाड्यांची तीन गटांत वाटणी केली. काहींची दरवर्षी तपासणी, काहींची एकदाच, काहींची अजिबात नाही. तपासलेल्या गाड्यांची तांत्रिक अवस्था सुधारली, पण अपघातांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. यावरून तपासणी बंद करा म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. नॉर्वेतल्या घरगुती मोटारी आणि आपल्याकडे क्षमतेपेक्षा जास्त भरून घाट उतरणारे ट्रक ही वेगळी दुनिया आहे. पण त्या प्रयोगाची खरी शिकवण वेगळी आहे. त्यांनी आपल्या तपासणीचीच तपासणी केली. ते करता आलं, कारण कुठल्या गाडीची काय अवस्था होती, याच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या.

आपल्याकडे नोंद नसल्याने काय होतं, ते दर मोठ्या अपघातानंतर दिसतं. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलावर एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना उडवलं. पहिल्या बातम्या आल्या त्या 'ब्रेक फेल'च्या. नंतर पोलिसांनी सांगितलं की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि ब्रेकवर सारखा पाय, म्हणजे हवा संपत जाणार. इथे दोष यंत्राचा की माणसाचा, हा प्रश्न अपघातानंतर पंचनाम्यात सोडवावा लागतो. अशा वेळी गाडीचे आधीच्या दोन तपासण्यांचे ब्रेकचे आकडे हाताशी असतील तर मालक, चालक आणि तपासणारा, तिघांपैकी कुणाला प्रश्न विचारायचा ते कळेल. एरवी 'ब्रेक फेल' हे सगळ्यांच्या सोयीचं उत्तर होऊन बसतं.

म्हणून मला वाटतं की माणूस की यंत्र, सरकारी की खाजगी, ही भांडणं दुय्यम आहेत. तपासणीला अर्थ येण्यासाठी तीन साध्या गोष्टी लागतात. जे मोजलं त्याचा आकडा कागदावर आला पाहिजे. तो आकडा गाडीच्या मागच्या आकड्याशेजारी ठेवून बघता आला पाहिजे. आणि किती गाड्या नापास झाल्या हे प्रत्येक केंद्राने जाहीर केलं पाहिजे. ज्या केंद्रात वर्षभरात कुणीच नापास होत नाही तिथे सगळ्या गाड्या उत्तम आहेत असं समजू नये. तिथे एक दोष पेरलेली गाडी पाठवून द्यावी.

हे सगळं टेम्पो-ट्रकवाल्यांचं दुखणं आहे असं वाटून हा लेख बाजूला ठेवण्याआधी आपल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा विचार करा. १९३९ साली खाजगी मोटार तपासणीच्या बाहेर राहिली, ती अजून बाहेरच आहे. तुमच्या-माझ्या नव्या गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तेवढ्या काळात तिचे ब्रेक बघायला कायद्याने कुणीही येत नाही. नोंदणी नव्याने करायची वेळ येते तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी ती तपासतो. तोवर ती गाडी दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली असू शकते, एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने, मागे मुलं बसलेली. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून "ब्रेक ओके आहेत साहेब" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. ब्रेक पॅडची जाडी किती मिलिमीटर उरली आहे ते विचारा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. पप्पा हल्ली टेम्पोचं तेच करतात. वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तिच्यात काय लिहिलंय ते आजवर कुठल्या साहेबाने विचारलेलं नाही.